वाकडे मुकुट

पलसाण्यात रंगीत पाण्याचे कुणाला नवल वाटत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या आसपास, कडोदरा-पलसाणा पट्ट्यात, डाईंग-प्रिंटिंगच्या मिल्स आहेत. सुरतेच्या लूमवर विणलेले ग्रे कापड इथे येते आणि रंगून, छापून परत जाते. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली कितीतरी घरे या कापडावर जगतात. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, मिलमध्ये हिंदी. मिलमधला माणूस रंगाकडे शेड म्हणून पाहतो: नमुन्याशी जुळली तर लॉट पास, नाही तर कापड पुन्हा मशीनमध्ये. पाण्याकडेही तो कामापुरतेच बघतो. किती गरम, किती खारे, किती वेळ. याच माणसाने सुटीच्या दिवशी परातीत पाणी घ्यावे, वरून निळा थेंब सोडावा आणि तो आपटल्यावर काय होते याचे फोटो काढत दुपार घालवावी, असे सुचवणारे हे पुस्तक आहे. कुणी याला वेडगळपणा म्हणेल. म्हणू दे.

आधी थेंबाविषयी. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब सुटताना मागे एक बारीक मान ताणली जाते. ती तुटते आणि तिचाच एखादा चिमुकला थेंब होऊन मोठ्याच्या मागोमाग येतो. चित्रांत दाखवतात तसा वर टोकदार, खाली फुगीर आकार पडत्या थेंबाला नसतो. पृष्ठताण त्याला गोल करू पाहतो, आणि तो कधी चपटा, कधी लांबट होत, थरथरत खाली येतो. खाली पाण्याचा पातळ थर असेल तर आपटल्याबरोबर चहूकडून एक भिंत उठते, तिच्या काठाला बोटे फुटतात आणि बोटांच्या टोकांवरून बारीक थेंब सुटतात. हा मुकुट. खाली चांगले चार बोटे पाणी असेल तर भिंत बुटकी राहते, पण पाण्यात अर्धगोल खळगा पडतो. तो मिटताना सगळीकडचे पाणी मध्यावर येऊन धडकते आणि त्याला जायला वरचीच वाट उरते. पाण्याचा सरळ खांब उभा राहतो. पुष्कळदा या खांबाच्या माथ्यावर खाली गेलेलेच पाणी परत आलेले असते: पांढऱ्या दुधात लाल थेंब सोडला की खांब पांढरा आणि शेंडा लाल. त्याच खांबावर वरून दुसरा थेंब नेमका येऊन बसला, तर तो आडवा पसरतो आणि छत्री उघडते.

हे सगळे काही शतांश सेकंदांत उरकते. डोळ्यांना दिसतो तो एक लुकलुकता गोंधळ आणि नंतरचे तरंग. माणसे हजारो वर्षे पावसात उभी राहिली, पण मुकुट कुणाला नीट दिसला नव्हता. तो पाहण्यासाठी काळोख आणि विजेची ठिणगी लागली.

ठिणगीने चित्र थांबवता येते हे विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट यांनी १८५१ मध्ये दाखवले होते. फिरत्या चाकावर छापील वर्तमानपत्राचा कागद लावून त्यांनी ठिणगीच्या उजेडात त्याचा फोटो घेतला. थेंबामागे मात्र चिकाटीने लागले ते आर्थर मेसन वर्दिंग्टन, इंग्लंडमधले भौतिकशास्त्राचे शिक्षक, पुढे डेव्हनपोर्टच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक. १८७० च्या दशकात त्यांनी हे काम सुरू केले तेव्हा त्यांच्याकडे पुरेसा वेगवान कॅमेरा नव्हता. ते अंधाऱ्या खोलीत बसत. थेंब सुटला की ठरावीक अंतराने ठिणगी उडावी अशी विजेची जोडणी त्यांनी केली होती. क्षणभर लख्ख दिसायचे, पुन्हा अंधार. डोळ्यांत जे उरले ते कागदावर उतरवायचे, ठिणगी किंचित उशिरा उडेल अशी व्यवस्था करायची आणि पुढचा थेंब सोडायचा. म्हणजे त्यांच्या चित्रमालिकेतला प्रत्येक टप्पा वेगळ्या थेंबाचा आहे. घरी फ्लॅश लावून काढलेली मालिकाही अशीच असते. एकाच थेंबाचा जन्म-मृत्यू आपण पाहिला असे वाटते, पण खरे तर पन्नास भावंडांचे एकेक फोटो ओळीने लावलेले असतात.

वर्दिंग्टन यांची रेखाटने देखणी होती. प्रत्येक मुकुट गोल, बोटे समान अंतरावर, थेंब मोजून ठेवल्यासारखे. मग १८९४ च्या सुमारास त्यांना ठिणगीच्या उजेडात खरेखुरे फोटो घेता आले, आणि त्यांत मुकुट वाकडे निघाले. एक बाजू उंच, दुसरी खचलेली, एक बोट जाड, शेजारचे तुटलेले. जुनी रेखाटने चाळल्यावर त्यांच्या लक्षात आले की वाकडे आकार तेव्हाही दिसले होते, कागदावर नोंदलेही गेले होते. मात्र छापायला निवडताना ते बाजूला पडले. मनात एक आदर्श थेंब होता आणि हात त्याचेच चित्र काढत होता. हे त्यांनी उघडपणे लिहून टाकले आणि १९०८ मध्ये ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ हे पुस्तक काढले. लॉरेन डॅस्टन आणि पीटर गॅलिसन या विज्ञानेतिहासकारांनी ‘ऑब्जेक्टिव्हिटी’ (२००७) या ग्रंथाची सुरुवात याच गोष्टीने केली आहे. या छंदाचा खरा आद्यग्रंथ वर्दिंग्टन यांचा, असे माझे मत. लोक मात्र नाव दुसऱ्याचे घेतात.

ते दुसरे म्हणजे हॅरॉल्ड एजर्टन, अमेरिकेतल्या एमआयटीचे विद्युत अभियंते. त्यांना थेंबांचे आधी काही देणेघेणे नव्हते. फिरत्या मोटरच्या आत काय चालते ते पाहायला त्यांनी झपझप लुकलुकणारा दिवा वापरला: स्ट्रोबोस्कोप. असे दिवे पुढे कापड गिरण्यांत शिरले, कारण गरगरणारी चाती त्या उजेडात थांबलेली दिसते आणि धागा कुठे थडथडतो ते कळते. त्यामुळे कापडाच्या गावात बसून फ्लॅशने थेंब टिपणे ही काही उपरी कल्पना नव्हे. उजेड आपल्याच धंद्यातून फिरून आला आहे. एजर्टन यांचा दुधाच्या थेंबाचा काळापांढरा मुकुट १९३६ चा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो १९३७ च्या प्रदर्शनात लावला. लाल पार्श्वभूमीवरचा जगप्रसिद्ध रंगीत मुकुट १९५७ चा. मधल्या २० वर्षांत या माणसाने दूध सांडणे थांबवले नाही. त्यांना अधिकाधिक सुबक मुकुट हवा होता. म्हणजे वर्दिंग्टन जो मोह सोडून निघाले, एजर्टन आनंदाने त्यातच राहिले. दोघांचेही बरोबर असू शकते. एकाला पाण्याचे वागणे हवे होते, दुसऱ्याला चित्रही हवे होते.

आता घरच्या सामानाकडे. नवख्याला सगळ्यात अवघड जाते ती गोष्ट अशी की इथे क्षण पकडतो तो फ्लॅश. कॅमेऱ्याचे शटर फक्त उघडून वाट पाहते. हिशोब करून बघा. ४५ सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब सुमारे ०.३ सेकंदात पाण्याशी पोचतो आणि तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ मीटर असतो. बहुतेक कॅमेरे फ्लॅशबरोबर १/२०० सेकंदाच्या आसपास अडतात. तेवढ्या वेळात थेंब १५ मिलिमीटर सरकतो, आणि थेंब स्वतः आहे जेमतेम ५ मिलिमीटरचा. फोटोत ओघळ येईल. कॅमेऱ्यावर बसणारा नेहमीचा फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण १/१००० सेकंद पेटतो: ओघळ ३ मिलिमीटर, तरीही वाया. पण तोच फ्लॅश मॅन्युअलवर नेऊन ताकद १/३२ केली की तो १/१८,००० सेकंदाच्या आसपास विझतो. सरकणे उरले एक-षष्ठांश मिलिमीटर. काच व्हावी तसे पाणी थिजते. ताकद कमी करणे म्हणजे दिवा मंद करणे असे आपल्याला वाटते; या फ्लॅशमध्ये आतला स्विच दिवा लवकर तोडतो, एवढेच. म्हणून छोटा, स्वस्त, जुना फ्लॅशही चालतो, आणि मोठा स्टुडिओ लाइट कधी कधी चालत नाही. उजेड कमी पडतो, त्याला उपाय फ्लॅश जवळ आणणे. दोन फ्लॅश असतील तर उत्तम.

मोबाइलवाल्यांची निराशा आधीच करून टाकतो. मोबाइलच्या पाठीवरचा ‘फ्लॅश’ हा एलईडी दिवा असतो. फोटो घेईपर्यंत तो जळतच राहतो, क्षण तोडत नाही. घरात त्याने मुकुट टिपता येणार नाही. गच्चीवर भर उन्हात १/४००० किंवा त्याहून वेगवान शटर लावले तर बऱ्यापैकी जमते. सेकंदाला २४० चौकटींच्या स्लो मोशनमध्ये घटनाक्रम कळतो, मात्र दोन चौकटींच्या मधल्या वेळात थेंब १२ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. शिकायला एवढे पुरे. तेवढ्यावर आवड टिकली तर मग जुना डीएसएलआर आणि त्याची नेहमीची १८-५५ लेन्स शोधावी. मॅक्रो लेन्सचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नये.

खोलीत अंधार हवा, पण पूर्ण काळोखाची गरज नाही. इथल्या बऱ्याच घरांत ही सोय आधीच असते: रातपाळी करून आलेल्याला दिवसा झोप लागावी म्हणून खिडकीवर जाड चादर टांगलेली असते. थेंबासाठी मेडिकलमधून नवा सलाईन सेट आणावा. त्याच्या चाकाने थेंबांचा वेग हवा तसा ठेवता येतो, आणि साध्या सेटमधून एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब पडतात, जवळजवळ एकाच मापाचे. बाटली उंच कपाटाला किंवा स्टँडला टांगावी. खाली पसरट काळी ट्रे किंवा काचेचे भांडे, काठोकाठ भरलेले, म्हणजे पुढची कड चित्रात येत नाही आणि प्रतिबिंब पुरे मिळते. थेंब जिथे पडतो तिथे आडवी पट्टी ठेवून तिच्यावर एक स्क्रू उभा करावा, स्क्रूवर थेंब पडतो याची खात्री करून त्याच्यावर फोकस धरावा, ऑटोफोकस बंद करावा आणि मग पट्टी काढावी. एफ ११ ते एफ १६, आयएसओ २०० ते ४००. फ्लॅशवर पारदर्शक पिशवी चढवावी. पाणी आणि फ्लॅश यांची सोयरीक बरी नाही, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेएक व्होल्ट साठलेले असतात. बंद पडलेला फ्लॅश घरी उघडून बघू नये, हे वायरमनचे काम करणाऱ्यांनाही सांगतो.

बटण केव्हा दाबायचे? थेंब दिसल्यावर दाबले तर उशीर झालेला असतो, कारण डोळा, बोट आणि कॅमेरा मिळूनच ०.३ सेकंद खाऊन टाकतात. थेंबांची लय पकडायची आणि थेंब सुटायच्या बेतात असताना दाबायचे. पहिल्या तासाला नुसते तरंग मिळतील. हाताला लय बसली की मुकुट, खांब मिळू लागतात. दोन थेंबांची छत्री हाताने मिळणे हा निव्वळ नशिबाचा भाग. तिथे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आणि आर्डुइनोचे सर्किट लागते, जे पहिला थेंब सोडून काही मिलिसेकंदांनी दुसरा सोडते आणि नंतर फ्लॅश पेटवते. आयटीआय केलेल्या मुलाला हे एका सुटीत जमेल. पुस्तकाचा शेवटचा भाग त्याच्यासाठी आहे. इतरांनी तो वगळला तरी काही अडत नाही.

रंगाबद्दल मला थोडे जास्त बोलायचे आहे, कारण इथे पलसाण्याच्या माणसाचा हात कुणी धरू शकणार नाही. रंग तीन ठिकाणांहून आणता येतो. एक, थेंबात किंवा ट्रेमधल्या पाण्यात. त्यासाठी किराणा दुकानातला खाण्याचा रंग घ्यावा. मिलमधून डायची पुडी खिशात घालून आणू नये. ती कापडासाठी बनवलेली असते, लहान मुले हात घालतील अशा परातीसाठी नव्हे. दोन, फ्लॅशच्या तोंडावर रंगीत जिलेटिन लावून. मागे बटर पेपरचा पडदा, त्याच्यामागे एक फ्लॅश निळा, एक केशरी: पाणी स्वच्छच राहते आणि रंग त्याच्या कडांवर येतो. हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण यात पाणी पाण्यासारखे दिसते. तिसरा प्रकार सुरतेचा म्हणावा असा. ट्रेच्या मागे छापील साडी ताणून लावा आणि फ्लॅश साडीवर मारा. हवेतला प्रत्येक थेंब म्हणजे एक लेन्स. साडीचे अख्खे प्रिंट त्याच्या पोटात उलटे आणि बारीक होऊन बसते. मागची साडी धूसर आणि थेंबातली स्पष्ट. बुट्टे मोठे असलेली साडी निवडावी, बारीक डिझाइनचा नुसता चिखल होतो.

आणि गवार. साधे पाणी थोडे उतावळे असते: खांब बारीक होतो, लवकर तुटतो, छत्रीच्या कडा फाटतात. पाणी जरासे दाट केले की आकार भरदार होतात आणि थोडा वेळ टिकतात. जगभरचे थेंबवाले त्यासाठी झँथन गम किंवा गवार गम वापरतात. गवारीच्या बियांपासून केलेली ही पूड मिलच्या कलर किचनमध्ये काम करणाऱ्याला नवी नाही. छपाईचा रंग कापडावर पसरू नये म्हणून पेस्ट दाट करायला गवार गम वापरतात. रंगाला जागेवर धरून ठेवणारी वस्तू इथे पाण्याचा आकार धरून ठेवते. घरी मात्र खाण्याच्या दर्जाचा गम आणावा. एका लिटरला अर्धा छोटा चमचा पुरतो. तो आधी थोड्या कोरड्या साखरेत मिसळावा म्हणजे गुठळ्या होत नाहीत, पाण्यात हळूहळू भुरभुरावा, रात्रभर ठेवावा आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावा. कलर किचनचा माणूस हे वाचून हसेल. त्याला बोटावर घेऊनच दाटपणा कळतो.

दाटपणाइतकाच पृष्ठताणही महत्त्वाचा. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ट्रेमध्ये टाकून बघा, मुकुटाचे रूप बदलते. आवाजही बदलतो, आणि तो ऐकायला कॅमेरा लागत नाही. गळक्या नळाचा ‘टप्प’ थेंब पाण्यावर आपटल्याचा नसतो. खळग्याखाली हवेचा बारीक बुडबुडा अडकतो आणि तो कंप पावतो, त्याचा तो आवाज. केंब्रिजच्या अनुराग अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वेगवान कॅमेरा आणि मायक्रोफोन एकत्र लावून हे दाखवले, आणि साबणाने टपटप थांबते हेही. त्याच्या बरीच वर्षे आधी, १९२० मध्ये, सी. व्ही. रामन यांनी आशुतोष डे यांच्याबरोबर शिंतोड्यांच्या आवाजांवरच शोधनिबंध लिहिला होता. हवेचे महत्त्व आणखी एका ठिकाणी उघड झाले. शिकागो विद्यापीठात लेई शू, वेंडी झांग आणि सिडनी नेगल यांनी २००५ मध्ये कोरड्या गुळगुळीत पृष्ठभागावर थेंब सोडले आणि भोवतालची हवा काढून घेतली. हवा पुरेशी विरळ झाल्यावर थेंब शिंतोडे न उडवता मुकाट्याने पसरला. वर्दिंग्टन यांच्यानंतर शंभर वर्षांनीही परातीत नवे काही सापडते, ते असे.

एक भांडण मात्र उरकून घेतो. स्पर्धांत, दिनदर्शिकांवर जे थेंब दिसतात ते सगळे सरळ, नितळ, मधोमध. ते खोटे नसतात. पण शेकडो फोटोंतून एक निवडलेला असतो आणि त्याच्या कडेचे चुकार थेंब नंतर संगणकावर पुसलेले असतात. ते चित्र टांगायला चांगले. शिकायला बसलेल्याने त्याच्याशी स्वतःची तुलना केली तर तो दुसऱ्या रविवारी सामान माळ्यावर टाकतो. शिवाय वाकड्या मुकुटात माहिती असते. सगळे मुकुट एकाच बाजूला कलत असतील तर ट्रे सपाट नाही किंवा पंखा चालू आहे. खांब वाकडा उठतो तेव्हा बहुधा आधीच्या थेंबाचे तरंग अजून विरलेले नसतात. थेंबांमधले अंतर वाढवा. बोटे प्रत्येक वेळी वेगळ्या जागी फुटतात, त्याला मात्र उपाय नाही, ते पाण्याचे स्वतःचे आहे. या पुस्तकातली निम्मी चित्रे म्हणूनच वाकडी ठेवली आहेत आणि प्रत्येकाखाली उंची, पाण्याची खोली, फ्लॅशची ताकद आणि पाण्यात काय मिसळले होते ते दिले आहे. तुम्हीही एक वही ठेवा. मिलमध्ये शेडचे कार्ड ठेवतात, त्यात न जुळलेल्या शेडचीही नोंद असते. ती नसेल तर पुढच्या लॉटला मास्तर काय बघणार?

शेवटची सूचना घरातल्या बाईमाणसांच्या वतीने. काम संपल्यावर परात लगेच, गरम पाण्याने धुवावी. वाळलेला गवार गम तिला असा चिकटतो की घासणी झिजते, आणि पुढच्या रविवारी परात मिळत नाही.